हेडलाइटात रिंग बसवायची, काच कशी उघडू?

बर्डीवाला: भाऊ, १२ व्होल्टची एलईडी रिंग घेतली. काच चिकटवलेली, निघूनच नाही राहिली. अन् वायर कुठून घेऊ?

वायरिंगपेटी: आधी बल्ब, रबर काढ. हीटगन कडेकडेनं फिरवत ठेव, एका जागी थांबलास की काच वाकते. ती प्लास्टिकची आहे. ब्युटाइल, म्हणजे काच चिकटवलेला गोंद, च्युइंगमसारखा ताणला गेला की हळूच ओढ. रिफ्लेक्टरला बोट लावू नको, डाग पुसताना मुलामाच निघतो.
५ वॅटची रिंग जेमतेम ०.४ अँपिअर घेते. चावी फिरवल्यावरच करंट येतो त्या बॅटरीच्या (डीसी) लाइनवर २ अँपिअरचा फ्यूज टाकून जोड. जुन्या बऱ्याच दुचाकींत हेडलाइटची लाइन एसी असते, तिथून घेतलीस तर रिंग लुकलुकेल.

उन्हाळी: आंबट वासाचं सिलिकॉन नको, वाफेनं रिफ्लेक्टर धुरकटतो. ग्लूगनचा गोंद तर आपल्या मे महिन्यात सुटतोच. हवेचं भोक बुजवू नका, पावसाळ्यात आत दव धरेल.

बर्डीवाला: निळी चालेल?

वायरिंगपेटी: नाही राजा, पांढरीच. चालान फाडायचंय का?