माओरी पवित्र जमिनीवरची खुनाची गोष्ट: हाडांचा तपास खरा कसा वाटेल?

रंकाळाकाठ

मंडळी, दिवाळी अंकासाठी दीर्घ रहस्यकथा लिहितोय. जागा न्यूझीलंड, वायकाटो भाग. रस्ता रुंद करताना पोकलेनच्या बकेटला जुन्या माओरी (तिथले मूळ रहिवासी) दफनभूमीच्या कडेला हाडं लागतात, लाल रंग फासलेली. सगळे म्हणतात, पूर्वजांची असणार. नायिका कोल्हापूरची, हॅमिल्टनमध्ये हाडांची तज्ज्ञ म्हणून नोकरीला. तिला कळतं की यातला एक सांगाडा १९९० च्या आसपासचा आहे. खुन्याचा हिशेब असा, की पवित्र जागेत कुदळ मारायला कोण धजावणार? आपल्याकडं आजरा-चंदगडच्या देवराईत कोणी वाळकी काटकी उचलत नाही, तसंच.

विचारायचं हे: हाड जुनं की नवं हे तिनं नेमकं कशावरून ओळखावं? काम कोण थांबवतं? आणि आपल्या माणसाच्या हातून तिथं कोणत्या चुका होतील?

हाडांचा हिशेब

लाल रंगापासूनच सुरुवात करा, तुमचा खुनी तिथंच अडकतो. जुन्या माओरी रिवाजात 'हाहुंगा' असायचा. मृत्यूनंतर एखाद-दोन वर्षांनी, कधी आणखी उशिरा, हाडं वर काढून खरवडून स्वच्छ करत, पुन्हा शोक करत, बऱ्याचदा त्यांना 'कोकोवाई' फासत आणि मग गुहेत किंवा झाडाच्या ढोलीत लपवून ठेवत. ख्रिस्ती धर्म पसरला तशी १९ व्या शतकात ही प्रथा मागं पडली. कोकोवाई म्हणजे दुसरं काही नाही, आपली काव. तुळशी वृंदावनाला लावतात तो गेरू. नायिकेला ते बघताक्षणी ओळखू येणं साहजिक आहे, हा धागा सोडू नका.

आता गंमत बघा. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइडही लोहाचाच. त्यामुळं नुसती लोहाची चाचणी केली तर दोन्ही सारखेच दिसतील. फरक सूक्ष्मदर्शकाखाली कळतो. नैसर्गिक कावेत चिकणमाती आणि वाळूचे कण मिसळलेले, दाणा लहानमोठा. कारखान्यातल्या रंगाचा दाणा एकसारखा बारीक, आणि तयार डब्यातला रंग असेल तर त्यातला ॲक्रिलिक चिकटा इन्फ्रारेड तपासणीत उघडा पडतो. जुनी माणसं काव शार्कच्या तेलात कालवत.

त्याहून पक्का पुरावा थरांचा. हाहुंगात आधी हाड साफ, मग रंग. खुन्याला घाई असते. कवटीच्या बुडाच्या छिद्रांत, मणक्यांच्या खाचांत जर रंगाखाली माती सापडली, तर हाड न धुताच रंगवलंय. ब्रशचा केस चिकटलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

दुसरी चूक मोजणीत. प्रौढ सांगाड्यात २०६ हाडं, त्यातली १०६ फक्त हातापायांची. मूळ खड्ड्यातून सांगाडा हलवणारा माणूस कवटी, मांडीचं हाड, कंबर उचलतो. मनगटातली वाटाण्याएवढी हाडं, बोटांची टोकं मागं राहतात. म्हणजे ती जिथं सापडतील तो पहिला खड्डा. तिथली माती आधी ६ मिमीच्या आणि मग २ मिमीच्या चाळणीतून पाण्यानं धुऊन काढावी लागते. वायकाटोतली चिकट माती कोरडी चाळलीत तर नुसते गोळे हाती येतील.

गळ्यातलं हायॉइड हाड मोडलेलं दाखवून 'गळा दाबला' असं एका वाक्यात उरकू नका. तरुणपणी त्याचे भाग जुळलेले नसतात, सुटे सापडले तरी तो मोडल्याचा पुरावा नाही. शिवाय पोकलेननंही हाडं मोडतात. ताजा तुटलेला काठ फिकट दिसतो, जुना मातीच्या रंगाचा. हे एक निरीक्षण नायिकेला दिलंत तरी वाचक तिच्यावर विश्वास टाकेल.

शब्दवेडी

मध्येच एक. उच्चार देवनागरीत नीट लिहा. तिथल्या स्पेलिंगमधला डब्ल्यू-एच बहुतेक ठिकाणी 'फ'सारखा ऐकू येतो: फानाउ म्हणजे कुटुंब, फेनुआ म्हणजे जमीन. फेनुआचा दुसरा अर्थ वार, म्हणजे बाळंतपणातली नाळेची वार, आणि ती आपल्या जमिनीत पुरण्याची रीत आहे. 'इवी' म्हणजे टोळी आणि 'इवी' म्हणजेच हाड! रहस्यकथेला याहून चांगलं फुकटात काय मिळणार?

आणि 'टापू'चं भाषांतर नुसतं 'पवित्र' नको, 'विटाळ' तर अजिबात नको. आपल्या सोवळ्याच्या जवळ जातं, पण भीती, मान आणि मनाई हे तिन्ही त्यात एकदम आहे. उलट बाजूला 'नोआ', म्हणजे मोकळं, रोजचं.

दक्षिणवारा

काम कोण थांबवतं याचं उत्तर: आधी पोकलेनवालाच. हाड दिसलं की यंत्र जागच्या जागी बंद, मागं घेणंसुद्धा नाही, कारण साखळीपट्ट्याखाली आणखी काही असू शकतं. मग पोलीस, वारसा खातं आणि त्या जमिनीवर ज्यांचा मान आहे त्या टोळीचे लोक, तिघांना कळवतात. गुन्हा आहे की नाही हे आधी पोलीस ठरवतात. १९०० पूर्वीच्या मानवी वावराची जागा असेल तर २०१४ च्या वारसा कायद्याखाली परवानगीशिवाय तिथं कोणी हात लावू शकत नाही. मृत्यू अलीकडचा आणि संशयास्पद असेल तर कोरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणारा अधिकारी, येतो, २००६ चा कायदा. आपल्यासारखा पंच बोलावून पंचनामा तिथं नसतो, तो प्रसंग लिहिला असेल तर काढून टाका.

पवित्र जागेत खणायचंच नाही असं नाही, पण क्रम आहे. कौमातुआ, म्हणजे वडीलधारे, येऊन कराकिया, म्हणजे प्रार्थना, म्हणतात. पोलिसांत टोळ्यांशी संपर्काचे खास अधिकारी असतात, ते मधला दुवा. त्यानंतर चौकोन आखणं, फोटो, खणणं. यात तास-दोन तास जातात, तेवढ्यात ढग भरून येतात, खड्ड्यावर ताडपत्री ओढायची की थांबायचं? ताण इथं आहे. वडीलधाऱ्यांना 'तपासाच्या आड येणारे' केलंत तर कथा तिथंच पडली. कुठली कबर कोणाची हे तोंडपाठ असलेला माणूस तोच असतो. 'या कोपऱ्यात आमचं कोणी नाही,' एवढं त्यानं म्हटलं की तुमच्या खुन्याचा हिशेब चुकला. देवराईतला दगड हलला तर गुरवाला कळणार नाही का?

नायिकेच्या चुका: खाणं आणि मृतदेह यांचा संबंध कुठंच येता कामा नये. जागेवर चहा-बिस्किट नाही, खिशात चॉकलेटही नाही. जेवणाच्या टेबलावर पुरावा ठेवायचा नाही आणि टेबलावर बसायचंही नाही. हाडांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवायचे नाहीत. दफनभूमीतून, म्हणजे उरुपातून, बाहेर पडताना हात पाण्यानं धुवायचे. स्मशानातून आल्यावर पाय धुणाऱ्या कोल्हापूरच्या पोरीला हे सांगावं लागणार नाही, आणि वडीलधाऱ्यांच्या ते नजरेत येईल. नदीवर राहुई लागू असेल, म्हणजे मृत्यूनंतरची तात्पुरती मनाई, तर पाण्याचा नमुना घ्यायलाही आधी बोलणी.

खुनाचं कारण जमीन ठेवणार असाल तर सातबाऱ्यावर चाळीस नावं ही कल्पना शेकड्यांत न्या. माओरी जमिनीच्या एकेका तुकड्याला शेकडो वाटेकरी असू शकतात, विक्री फार अवघड, वाद माओरी जमीन न्यायालयात.

बारीक गोष्ट: दुपारी सूर्य उत्तरेला असतो, सावली दक्षिणेकडं. दिवाळीत तिथं वसंत. साप नाहीत, कोल्हे नाहीत. हाडं कुरतडलेली हवी असतील तर उंदीर किंवा रानडुक्कर.

रंकाळाकाठ

नाद खुळा! पंचनाम्याचा अख्खा प्रसंग होता, उडवला. आता १९९० हा आकडा कसा काढू? कार्बन तपासणी करून दुसऱ्या दिवशी रिपोर्ट चालेल का?

हाडांचा हिशेब

दुसऱ्या दिवशी नाही, आठवडे धरा. आणि हाड देऊ नका, दात द्या. अणुचाचण्यांमुळं १९५५ नंतर हवेतला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, वाढत गेला, दक्षिण गोलार्धात १९६५ च्या सुमारास शिखर गाठून पुढं उतरला. दाताचं एनॅमल एकदा बनलं की बदलत नाही, त्यामुळं ते बनलं त्या वर्षांची पातळी त्यात अडकून राहते. अडचण अशी की एकच आकडा चढावरही येतो आणि उतारावरही. म्हणून दोन दात घ्यायचे: पहिली दाढ, जिचा माथा तीनेक वर्षांत पूर्ण होतो, आणि अक्कलदाढ, जिचा बारा-सोळाच्या दरम्यान. नंतर बनलेल्या दाढेत कार्बन-१४ कमी निघाला तर माणूस उताराच्या बाजूचा. यातून जन्माचा काळ मिळतो, मृत्यूचा नाही. मृत्यूचा काळ वय, कपड्यांचं बटण, हाडातून गेलेल्या मुळाची वलयं यांवरून जुळवा.

डीएनएबद्दलही सावध. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए जुळला म्हणून कोणाचा नातेवाईक ठरवू नका. बहुतेक माओरींमध्ये तो एकाच शाखेतला असतो, अर्धं गाव जुळेल. दाढेच्या मुळातून केंद्रकातला डीएनए काढा आणि जवळच्या नातेवाइकाशी ताडा. जुन्या हाडांच्या बाबतीत भोक पाडायलाही टोळीची संमती लागते, उरलेली पूडसुद्धा परत मागितली जाते.

पेठेतला

कार्बनपर्यंत जायच्या आधी नायिकेनं जबडा उघडून बघावा की. युरोपीय यायच्या आधीच्या माओरी दाढा नेच्याची मुळं चावून सपाट, तिरक्या झिजलेल्या असतात, कीड कमी. तुमच्या सांगाड्यात चांदीचं फिलिंग दिसेल. १९२० च्या दशकापासून तिथं शाळेच्या आवारात दातांचे दवाखाने होते आणि पोरं त्यांना चक्क 'मर्डर हाउस' म्हणायची. खुनाचा पहिला पुरावा तिथं भरलेल्या दाढेत ठेवा.