बहिणीच्या अन्ननलिकेच्या ऑपरेशनला २१ वर्षं झाली, आता घास अडकतोय, मदत हवी आहे

माणदेशी: लवकर सांगा प्लीज. बहिणीचं अन्ननलिकेचं ऑपरेशन लहानपणी झालंय, इतकी वर्षं भाकरी-ठेचा सगळं खायची, आता चार महिने झाले जेवताना मानेत डावीकडे फुगा येतो, ती बोटांनी खाली दाबते मग गुडगुड वाजून घास उतरतो. आडवी झाली की खाल्लेलं तोंडात येतं, सकाळी उशी ओली असते, खोकला पण. इथे पित्ताच्या गोळ्या चालू आहेत, काडीचा फरक नाही.

गवतीचहा: पित्तच असणार. आमच्या सासूबाईंना आमसुलाचं सार दिलं, आठ दिवसांत बऱ्या.

जुना पेशंट: आमसूल राहू द्या हो. ऑपरेशन कशासाठी झालं? अन्ननलिकेच्या जागी जठर वर ओढलंय की मोठं आतडं लावलंय?

माणदेशी: सहा वर्षांची असताना संडासचं ॲसिड पाणी समजून प्यायली. काय लावलं ते माहीत नाही, कागद घर बदलताना गेले.

कोकणी माणूस: ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतात लोक, कितीदा सांगायचं!!

जुना पेशंट: माझंही ॲसिडचंच, छातीच्या हाडामागून मोठं आतडं मानेपर्यंत नेलंय. आतडं अन्न फारसं ढकलत नाही, ते आपल्या वजनानेच उतरतं. पुढे ते लांबतं, सैल पडतं, वेटोळं होऊन त्यात अन्न साठतं. मला १४ वर्षांनी झालं, जास्तीचा भाग कापून सरळ केलं. बेरियमच्या एक्सरेत (बेरियमचं पांढरं पाणी पिऊन काढतात तो) दिसलं.

वॉर्डसिस्टर: नुसतं बेरियम पुरणार नाही, दुर्बिणीतून बघाच. आतडं जिथे शिवलंय तो जोड आकसला असेल तर फुग्याने रुंद करतात. आतड्यात पॉलिप म्हणजे अस्तरावर छोटी गाठ, अगदी क्वचित कॅन्सरही होतो.

जुना पेशंट: दुर्बीण नको कोण म्हणतंय? आधी बेरियम, सीटी, म्हणजे वळणं कळतील, मग दुर्बीण. आणि मोठ्या हॉस्पिटलात पोटाच्या सर्जनकडे न्या, पित्ताच्या डॉक्टरकडे नको.

वॉर्डसिस्टर: बरं, पण ताप आला किंवा धाप लागली तर बेरियमची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या, अन्न फुप्फुसात गेलं असेल. जळालेली जुनी अन्ननलिका आत ठेवली होती का तेही सर्जनला विचारा, तिच्यातही पुढे कॅन्सर होऊ शकतो.

गवतीचहा: सार थंड असतं, नुकसान तर नाही ना?

माणदेशी: ताई, पातळ तर आधी वर येतं. परवा सकाळी बेरियमची वेळ मिळाली आहे. उपाशी न्यायचं का?

जुना पेशंट: हो, उपाशीच. आदल्या संध्याकाळी लवकर थोडं पातळ द्या आणि रात्री पाठीला उशा लावून बसती झोपवा. अन्न वर येतं, ठसका लागतो हे तिथे गेल्या गेल्या सांगा.