मदत हवी आहे: कूलरच्या खोलीत आरईआर ०.६४ का येतोय?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या मे महिन्यात मेटाबोलिक कार्टवर (श्वासातले वायू मोजणारं यंत्र) विश्रांतीतला आरईआर (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन) ०.६४ दिसतोय. निव्वळ चरबी जळली तरी तो ०.७० हवा, म्हणजे चूक मोजणीतच आहे. हवेचं आकारमान तपासायची ३ लिटरची सिरिंज बरोबर जुळते. वायूंचं प्रमाण तपासायचा १६ टक्के ऑक्सिजन, ४ टक्के कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही जुळतो. पण त्यातला वायू कोरडा असतो, त्यामुळे बाष्पाची चूक त्यात दिसत नाही! माझा संशय डेझर्ट कूलरवर आहे. ३० अंशांना ८० टक्के आर्द्रता असेल तर बाष्पामुळे खोलीतला ऑक्सिजन २०.९३ वरून साधारण २०.२ टक्क्यांवर येतो. सॉफ्टवेअर २०.९३च धरून बसलं, तर ऑक्सिजनचा वापर फुगतो आणि आरईआर घसरतो. नॅफिऑन नळी (नमुन्याच्या हवेतलं जादा बाष्प काढणारी) बदलावी, की प्रत्येक चाचणीआधी खोलीची हवा मोजून तोच आकडा भरावा? कूलर आधी किती वेळ बंद ठेवता? अनुभवी लोकांनी कृपया नेमकं सांगावं.