मदत हवी आहे: दादा गेला त्या रात्री वहिनी आणि अण्णांना पोलिसांनी ठाण्यात बसवून ठेवलं, दाद कुठे मागावी? (इंदूर)

रेवातीर

नमस्कार. मी मूळची इंदूरची, लग्नानंतर पुण्यात असते. गेल्या महिन्यात माझा मोठा भाऊ अपघाताने गेला. पोलिसांनी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांशी जे वर्तन केलं त्याबद्दल दाद मागायची आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मध्य प्रदेशातला अनुभव असलेल्यांनी आणि कायदा जाणणाऱ्यांनी कृपया लिहा. नावं, वस्ती आणि ठाणं मुद्दाम देत नाही.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. त्या दिवशी रात्री पाणी आलं, टाकी भरून वाहायला लागली म्हणून दादा गच्चीवर गेला आणि लोखंडी शिडीवरून मागच्या चौकात पडला. शेजारच्या मुलांनी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पण तिथे पोहोचण्याआधीच सगळं संपलं होतं. दवाखान्याने पोलिसांना कळवलं. इथवर सगळं रीतसर. असा मृत्यू झाला की मर्ग (अकस्मात मृत्यूची पोलीस नोंद) कायम होतो, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होतं, हे आम्हालाही समजतं.

पुढचं मात्र समजत नाही. शेजारच्या कुणीतरी "आधी जोरजोरात बोलण्याचा आवाज येत होता" असं सांगितलं. (दादा गच्चीवरून खाली ओरडून मोटर बंद करायला सांगत होता.) तेवढ्यावर मध्यरात्री वहिनीला आणि माझ्या वडिलांना दवाखान्यातूनच जीपमध्ये बसवून ठाण्यात नेलं. अण्णा ७६ वर्षांचे आहेत, दोन वेळा इन्सुलिन घेतात. वहिनी घरातल्या गाऊनवरच निघाली होती, पायात चप्पलही नव्हती. सोबत महिला पोलीस नव्हती. काही लेखी दिलं नाही, कुठल्या कलमाखाली नेतोय ते सांगितलं नाही. आठवीतला भाचा शेजाऱ्यांच्या घरी एकटा.

ठाण्यात दोघांना मुन्शीच्या (ठाण्यातल्या लेखनिकाच्या) टेबलासमोरच्या बाकावर पहाटेपर्यंत बसवलं. फोन काढून घेतले, पावती नाही. वहिनीला रडू आवरत नव्हतं तेव्हा एका अधिकाऱ्याने तिला सुनावलं, "रोना-धोना बाद में, पहले बताओ झगड़ा किस बात पर हुआ था." हाच प्रश्न रात्रभर, माणूस बदलून बदलून. नवरा जाऊन काही तास झालेल्या बाईला. अण्णांनी इन्सुलिनसाठी घरी जाऊ द्या म्हणून विनवलं, तर "सुबह देखेंगे". पहाटे दोघांच्या कागदांवर सह्या घेतल्या. वहिनी म्हणते, वरचा कागद लिहिलेला होता, खालचे दोन कोरे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी देह ताब्यात दिला तो "थेट मुक्तिधामला न्या, घरी नेऊ नका" असं बजावूनच. मागे जीप होतीच. दादाचा देह घरी आला नाही. आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला मुलाचं तोंड शेवटचं बघता आलं नाही.

पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलं की उंचावरून पडल्याच्याच जखमा आहेत. कुणाविरुद्ध गुन्हा नाही. पण मर्गची फाईल अजून उघडी आहे आणि फोन अजून ठाण्यातच आहेत.

चौकशी करू नये असं आमचं अजिबात म्हणणं नाही. ती अशा रीतीने करायचा अधिकार त्यांना कुणी दिला, एवढंच विचारायचं आहे. तक्रार नेमकी कुठे द्यायची? त्याला मुदत असते का? ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळू शकतं का? आणि काका म्हणतात की फाईल बंद होईपर्यंत गप्प बसा, नाहीतर वहिनीलाच गोवतील. ही भीती कितपत खरी आहे?

नंदलालपुरा

तुमच्या दुःखात सहभागी आहे. मी इंदूरला जिल्हा न्यायालयात वकिली करतो. कागद न बघता सगळं सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यात काही गोष्टी अगदी स्पष्ट बेकायदा आहेत.

सर्वात मोठी गोष्ट म्हणजे दोघांना ठाण्यात नेणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ सांगतं की कुठल्याही स्त्रीला, तसंच ६० वर्षांवरच्या पुरुषाला, साक्ष-चौकशीसाठी राहत्या जागेखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. जुन्या कायद्यात ही वयोमर्यादा ६५ होती, आता ६० आहे. मर्गच्या चौकशीसाठी कलम १९५ आहे. त्यातही बोलावणं लेखी आदेशानेच करायचं असतं आणि हीच सवलत तिथेही आहे. स्वतःहून यायला तयार असलेल्याची गोष्ट वेगळी. पोलीस उद्या हेच म्हणतील की "ते आपल्या मर्जीने आले". म्हणून चप्पल नसणं, इन्सुलिन मागणं, फोन काढून घेणं हे सगळं तक्रारीत बारीकसारीक तपशिलासह यायला हवं. मर्जीने आलेला माणूस पहाटेपर्यंत औषधावाचून बसत नाही.

हे कलम मोडणं हा नुसता शिस्तभंग नाही. चौकशीसाठी कुणाला कुठे बोलावू नये हे कायदा सांगत असताना जाणूनबुजून तसं करणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये किमान ६ महिने आणि कमाल २ वर्षं सक्तमजुरी आहे. लोकांना हे कलम एफआयआर न नोंदवण्यापुरतंच ठाऊक असतं. त्यातला हा पहिला भाग कुणी वापरतच नाही. बेकायदा अडकवून ठेवल्याबद्दल कलम १२७ वेगळं.

सह्यांबद्दल: पंचनाम्यावर सही असते, पण पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायची नसते (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१; पुढे मी नुसतं कलम लिहिलं तर ते याच संहितेचं). कोऱ्या कागदांची गोष्ट तर आजच लेखी कळवा, नंतर त्यावर काय उमटेल सांगता येत नाही.

आता क्रम. आधी कॅमेरा, बाकी सगळं नंतर. परमवीर सिंह सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या असे सगळीकडे कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण १८ महिने जपायचं, यंत्राची तेवढी क्षमता नसेल तर निदान एक वर्ष. प्रत्यक्षात "हार्ड डिस्क भरली" हे उत्तर तयार असतं. म्हणून तारीख आणि वेळ देऊन "हे चित्रण पुसू नये, सुरक्षित ठेवावं" असं पत्र पोलीस आयुक्त आणि झोनचे डीसीपी (उपायुक्त) दोघांना स्पीड पोस्टने पाठवा. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय आहे, त्यामुळे एसपी ऑफिस शोधत बसू नका. त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: चित्रण, त्या रात्रीचा रोजनामचा सान्हा (ठाण्याची दैनंदिन नोंदवही) आणि जप्तीचा पंचनामा. सान्ह्यात त्या दोघांची आमद-रवानगी (येण्या-जाण्याची नोंद) लिहिलेली नसेल तर ते तुमच्याच कामाचं आहे.

जुनं_इंदोर

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी सरकारी नोकरीत होतो, पोलिसांबरोबर बरंच काम पडलं. घरात मृत्यू झाला की पहिली शंका घरच्यांवरच घ्यावी लागते. उद्या खरंच काही निघालं असतं तर हेच लोक म्हणाले असते की पोलिसांनी हलगर्जी केली. अधिकाऱ्याची भाषा वाईट होती हे कबूल, पण नोकरी घालवण्याइतकं ते आहे का?

रेवातीर

काका, राग नाही. शंका घ्यायला आमची हरकत नव्हतीच. त्यांनी घरी येऊन विचारायचं होतं. शिडी तिथे होती, टाकी तिथे होती, वाहिलेलं पाणी तिथे होतं. पंचनाम्यासाठी ते दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आले, तोवर पाणी वाळलेलं. म्हणजे जिथे पुरावा होता तिथे गेले नाहीत आणि जिथे दोन माणसं रडत होती तिथे रात्रभर बसले. याला तपास कसा म्हणायचं? कुणाची नोकरी घालवायची हौस नाही. त्या बाकावर बसवून आमच्या अण्णांची साखर ४०० च्या वर नेली, ते लेखी कुठेतरी नोंदलं जावं.

नंदलालपुरा

साखरेचा रिपोर्ट आहे का? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं असेल तर तो कागद जपून ठेवा. तक्रारीत त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

वहिनीला गोवण्याच्या भीतीबद्दल: भीती निराधार नाही, पण गप्प बसण्यात जास्त धोका आहे असं माझं मत. आज कागदावर फक्त पोलिसांची बाजू आहे, शिवाय दोन कोरे कागद त्यांच्याकडे. तक्रार नोंदली गेली की नंतर उचललेल्या प्रत्येक पावलाला सूड म्हणता येतं. मर्गचा अहवाल २४ तासांत दंडाधिकाऱ्याकडे जायला हवा असतो (कलम १९४), तिथून त्याची आणि पोस्टमॉर्टेमची नक्कल मिळवून ठेवा. अगदीच वेळ आली तर कलम ४८२ चा अटकपूर्व जामीन आहे.

फोनसाठी कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे सुपुर्दगीचा (वस्तू परत ताब्यात मिळण्याचा) अर्ज करा. जप्ती त्यांना कळवलेलीच नसेल, असं माझ्या अनुभवावरून वाटतं. विचारणा आली की फोन आपोआप सापडतात.

कृष्णपुरा_छत्री

मानवाधिकार आयोगाबद्दल मी लिहिते, आमच्या नात्यात एका प्रकरणात गेलो होतो. राज्याचा आयोग भोपाळला आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो, फी नाही, वकील लागत नाही. पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. १९९३ च्या कायद्याचं कलम ३६ आहे, वर्ष उलटलं की आयोग हातच लावत नाही. दुसरं, राज्य आयोगात प्रकरण चालू असेल तर दिल्लीचा आयोग ते घेत नाही. लोक घाबरून दोन्हीकडे पाठवतात आणि मग हे इकडे बोट दाखवतात, ते तिकडे. एकच निवडा.

आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही हे आधीच मनाशी ठेवा. आमच्या वेळी फायदा हा झाला की पोलिसांना लेखी उत्तर द्यावं लागलं, आणि त्या उत्तरात त्यांनी स्वतःच रात्री बाईमाणसाला ठाण्यात आणल्याचं मान्य केलं. ते उत्तर पुढे हायकोर्टात कामी आलं.

तुमच्या आईबद्दल वाचून पोटात तुटलं. देह घरी नेऊ न देण्याचा मुद्दा तक्रारीत वेगळा लिहा, ओघात उल्लेख करून सोडू नका. उत्तर प्रदेशात हाथरसला २९-३० सप्टेंबर २०२० च्या मध्यरात्री पोलिसांनी घरच्यांना बाजूला ठेवून अत्याचारात बळी गेलेल्या तरुणीचे अंत्यसंस्कार उरकले, तेव्हा अलाहाबाद हायकोर्टाने आपणहून दखल घेतली होती. सन्मानाने अंत्यसंस्कार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि तो मेलेल्याचा आणि त्याच्या घरच्यांचा दोघांचा, या बाजूने तिथे बोललं गेलं. तुमच्याकडचा प्रकार तितका भयंकर नसेल, पण हक्क तोच.

नंदलालपुरा

अगदी बरोबर. भरपाईचं विचारलं नाहीत, पण सांगून ठेवतो. हायकोर्टाचं इंदूर खंडपीठ आहे, जबलपूरला जावं लागत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करून मूलभूत हक्क मोडल्याबद्दल राज्याकडून भरपाई मागता येते. नीलाबती बेहरा यांच्या प्रकरणात (१९९३) ओरिसातल्या एका आईचं पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं आणि दीड लाख रुपये द्यायला लावले. तिचा मुलगा पोलीस कोठडीत गेला होता, तुमचं प्रकरण त्या तोडीचं नाही, तेव्हा रकमेची फार आशा धरू नका. पण सरकारला "आमच्या नोकराने केलं, आम्ही जबाबदार नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत, हे तिथे पक्कं झालं. दिवाणी दावा करायचा असेल तर बेकायदा अटकावाबद्दल मुदत एक वर्षच आहे, आणि त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. म्हणजे हाताशी वाटतो तेवढा वेळ नाही.

गुन्हा नोंदवायचा तर आधी ठाणं, मग डीसीपी, मग दंडाधिकारी, कलम १७५. लोकसेवकाविरुद्ध असल्यामुळे दंडाधिकारी वरिष्ठांचा अहवाल मागवतील, त्यात वेळ जाईल. म्हणून आयोग आणि गुन्हा दोन्ही वाटा सोबत चालू ठेवा.

आणि तक्रार वहिनींच्या आणि अण्णांच्या नावाने, दोन वेगवेगळ्या. तुम्ही तिथे नव्हता, तुमची सही साक्षीदाराचीही नको. वकिलाचा खर्च जड जात असेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

रेवातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्रणाचं पत्र आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज दोन्ही गेले, स्पीड पोस्टच्या पावत्या भाच्याने फोटो काढून पाठवल्या. अण्णांचा साखरेचा रिपोर्ट सापडला, त्यावर तारीख आणि वेळ छापलेली आहे. आमच्या घरच्या काकांशीही बोलले. अजून पटलेलं नाही त्यांना, पण अण्णा स्वतः म्हणाले, "मी सही करतो, माझं काय करणार आहेत?"

वहिनी तयार आहे, पण त्या रात्रीबद्दल बोलायला लागली की मध्येच थांबते. तिने मराठीत लिहून काढायला सुरुवात केली आहे. ते तसंच जोडता येईल का, की हिंदीतच द्यावं लागेल?

नंदलालपुरा

तिला मराठीतच पूर्ण लिहू द्या, घाई करू नका, आणि मध्ये कुणी दुरुस्त करू नका. त्यावरून तक्रार हिंदीत आपण तयार करू. मूळ मराठी पानं तिच्या सहीने आणि तारखेने सोबत लावा. मंगळवारी जनसुनवाईला (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात तिथे) जाणार असाल तर दोन्हींच्या नकला घेऊन जा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका. मी त्या दिवशी कोर्टातच आहे, व्यनि करा.