कर विभाग कागदविरहित करायचा आहे, सुरुवात कुठून?

प्रश्न: आमच्या कंपनीची विवरणपत्रं अजून कागदी फायलींवरच तपासली जातात. आधी सगळं स्कॅन करावं की कामाची पद्धत बदलावी?

उत्तर १: आधी पद्धत. जुनी कपाटं उपसत बसू नका; चालू वर्षापासून सुरू करा, जुनं लागेल तसं घ्या. ईमेलने आलेली पीडीएफ छापून पुन्हा स्कॅन करणं ताबडतोब थांबवा, त्यात शोधता येणारा मजकूर हातचा जातो. कागदच आला असेल तर ३०० डीपीआय (स्कॅनची स्पष्टता), ओसीआर (चित्रातली अक्षरं शोधता येणाऱ्या मजकुरात बदलणं) आणि पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीची पीडीएफ). फाइलच्या नावात वर्ष सर्वांत आधी, मग कंपनी, कराचा प्रकार, आवृत्ती.

उत्तर २: वरच्यात एक भर. ओसीआर आणि पीडीएफ/ए मध्ये रूपांतर आधी, डिजिटल सही शेवटी. सहीनंतर फाइल बदलली की सही अवैध ठरते. पीडीएफ/ए ला पासवर्ड चालत नाही, म्हणून फोल्डरच्या परवानग्या नीट लावा. आकडेमोडीची एक्सेल मूळ रूपातच ठेवा. पीडीएफ केली की सूत्रं जातात, आणि आकडा कुठून आला हे तपासणाऱ्याला कळत नाही.

उत्तर ३: तपासणाऱ्यांना दोन मॉनिटर द्याच: एकावर विवरणपत्र, दुसऱ्यावर पुरावे. नाहीतर प्रिंट निघतच राहतात. मूळ कागद नष्ट करण्याआधी पानसंख्या जुळवा, कायद्याने ठरवलेली जतनाची मुदत पाहा.