मदत हवी आहे: पणजीत संध्याकाळी दंतकथा + जुने बार असा पायी फेरफटका, गाईड ऐनवेळी रद्द

मी_पर्वती
नमस्कार. उत्तर जरा लवकर हवं आहे. पणजीत फोंतेन्हास या जुन्या वाड्याच्या गल्ल्यांतून संध्याकाळी चालत फिरायचं, गाईड जुन्या दंतकथा सांगणार आणि मध्ये दोन-तीन जुन्या बारमध्ये थांबून फेणी चाखायची, असं ठरलं होतं. आज गाईडचा फोन आला, त्याच्या घरी अडचण आहे. पैसे त्याने लगेच परत केले, तक्रार काही नाही. पण लाँग वीकेंडमुळे दुसरं कोणी मिळत नाहीये. ज्याला विचारावं तो सकाळचा हेरिटेज वॉक पुढे करतो. रंगीत भिंती आणि शिंपल्यांच्या खिडक्या आम्ही पाहिल्या आहेत. आम्हाला गोष्टी ऐकायच्या आहेत, त्या जिथे घडल्या तिथे उभं राहून.

मीच सगळ्यांना फिरवायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करू? कुठे कोणती गोष्ट सांगू? बसायचं कुठे? नेटवर सगळीकडे तीच चार वाक्यं आहेत, त्यामुळे लिंका नकोत, माहीतगारांनी सांगा.

स्मिता_ठाणे
तारीख? किती माणसं? मुलं, म्हातारी माणसं बरोबर आहेत का? मुक्काम पणजीतच आहे की कळंगुटहून येणार? हे न सांगता काय सुचवणार?

काजूबोंड
लाँग वीकेंड म्हणताय म्हणजे एप्रिल धरून चालतो. मग वॉकचा नाद सोडा आणि सत्तरी तालुक्यात एखाद्या भट्टीवर जा. फेणी समजायची तर ती तिथेच. काजूची खाली पडलेलीच बोंडं गोळा करतात, झाडावरची तोडत नाहीत. कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, ती पायांनी तुडवतात, रस काही दिवस आंबवतात आणि मग भाण (गाळायचं भांडं) चढतं. पहिल्यांदा गाळून येतो तो हुर्राक, मार्च ते मे एवढाच मिळतो. तो पुन्हा गाळला की फेणी, साधारण ४२ टक्क्यांची. भट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं की धूर आणि आंबलेल्या बोंडांचा वास नाकात असा बसतो की बारमधल्या पेल्याला मग वेगळीच चव लागते. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते या कष्टांमुळे. शहरात बसून काय कळणार?

मी_पर्वती
भट्टी छान असेल, पण मी ते विचारलेलं नाही. आम्ही आठ जण आहोत, मुक्काम पणजीतल्या मळा भागातच, गाडी नको आहे. पायी फिरायचं आहे.

अण्णा_डोंबिवली
गोष्टच हवी तर दोना पावला गाठा. पोर्तुगीज गव्हर्नरच्या मुलीचं एका कोळ्यावर प्रेम बसलं, लग्नाला परवानगी मिळाली नाही, तिने कड्यावरून समुद्रात उडी घेतली. पौर्णिमेला मोत्यांची माळ घालून ती पाण्यातून वर येते म्हणतात. जेट्टीजवळ दोघांचा पांढरा पुतळाही आहे. रात्री तिथे ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो.

दिवाडीची_सून
अण्णा, तो पुतळा त्या दोघांचा नाही हो. तो १९६९ मध्ये एका जर्मन शिल्पकर्तीने केला, विषय भारत असा आहे. शेजारी गोष्ट प्रसिद्ध होती, म्हणून लोकांनी पुतळा तिला जोडून टाकला. आणि दोना पावला ही खरीखुरी बाई होती. काबोच्या राजभवनातल्या चॅपेलमध्ये तिचा स्मृतिलेख आहे. दानधर्म करणारी, गावाला जिचं नाव मिळालं अशी बाई. तिला कड्यावरून ढकलून आपण काय मिळवतो? माझ्या मुलीला शाळेच्या सहलीत हीच उडीची गोष्ट सांगितली, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

अण्णा_डोंबिवली
दंतकथा म्हटल्यावर तिला पुरावा कशाला? धागाकर्त्याला दंतकथाच हव्या आहेत. इतिहासाचा तास नको.

दिवाडीची_सून
पुरावा नको, मान्य. पण "लोक असं म्हणतात" आणि "हे असं घडलं" यांतला फरक ऐकणाऱ्याला सांगायलाच हवा. नाहीतर पुढची पिढी खरी माणसं विसरते.

उरेंकाठचा
मी पणजीतल्या साव तोमेच्या बाजूला वाढलो, म्हणून लिहितो. दोना पावला तुमच्या मुक्कामापासून बरंच लांब आहे, पायी जमायचं नाही. तुम्ही असं करा.

सुरुवात मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाशेजारच्या आबे फारियाच्या पुतळ्यापाशी. एप्रिलमध्ये सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, साडेसहाला तिथे पोहोचा. झगा घातलेला पाद्री दोन्ही हात पुढे करून वाकलाय आणि खाली एक बाई कलंडतेय. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं तो तिचा गळा दाबतोय. तो तिला संमोहित करतोय. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा गोंयकार पुढे पॅरिसमध्ये संमोहनविद्येसाठी गाजला. पुतळा १९४५ चा, रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला. इथे सांगायची गोष्ट अशी: पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि याची वाचाच बसली. खाली बसलेला बाप कोंकणीत पुटपुटला, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. म्हणजे समोर बसलेत ते पालेभाजीसारखे समज आणि सपासप काप. आणि तो घडाघडा बोलायला लागला. हा प्रसंग असाच्या असा घडला की नाही देव जाणे, पण गोव्यात आजही परीक्षेला निघालेल्या पोराला घरचे हेच सांगतात.

तिथून चालत पोस्ट ऑफिससमोर या. पोस्टाची इमारत पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची होती. समोरच्या साव तोमेच्या चौकात वधस्तंभ होता असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. १७८७ मध्ये पोर्तुगीज सत्ता उलथवायचा पिंटो घराण्याचा कट फुटला. गोमंतकीय पाद्र्यांना वरची पदं मिळत नव्हती, सैन्यातही तोच भेदभाव, त्यातून तो उभा राहिला होता. १५ जणांना देहदंड झाला, पाद्र्यांना लिस्बनला कैदेत पाठवलं. फारिया आणि त्याच्या बापावरही संशय होता, आणि फारिया पॅरिसला गेला तो याच सुमारास. म्हणून आधी पुतळा आणि मग हा चौक. एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत, उलट क्रमाने सांगितले तर पहिल्याची मजा जाते.

इथे पहिला थांबा घ्या. मागच्या गल्लीत जुने बार आहेत. खोली एवढीशी असते, आठ जण एकदम आत मावणार नाहीत. चार आत, चार बाहेर असं करा. पण पेला घेऊन रस्त्यावर उभं राहू नका, उघड्यावर पिण्याला दंड आहे.

पुढचं नंतर लिहितो, जेवायला बसतोय.

निनाद_हडपसर
परत येताना फेणीच्या किती बाटल्या आणता येतात? गाडीने येणार असाल तर सांगा, माझ्यासाठीही एक.

स्मिता_ठाणे
निनाद, हा धागा त्यासाठी नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय गोव्याची बाटली आणणं गुन्हा आहे. आंबोली, बांद्याच्या नाक्यावर गाड्या तपासतात.

@मी_पर्वती, तुम्ही अजून तारीख सांगितलेली नाही. आठ जणांत कोण कोण आहे तेही नाही.

सातार्डेकर
वरचं सगळं ठीक आहे, पण ही शहरातली गोष्ट झाली. आमच्याकडे गोवा-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंना दारू आणि दंतकथा यांचा संबंध फार जुना आहे, तो कोणी सांगत नाही. गावाचा राखणदार, गोव्यात देवचार म्हणतात. रात्री गावाच्या सीमेवर फिरतो, हातात काठी, पायात वहाणा. वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नवीन आणून ठेवतात. त्याला रोट, विडी आणि दारू लागते. वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत आणून सोडतो. माझे आजोबा बाटली उघडली की पहिले चार थेंब जमिनीवर सोडत आणि मगच पेला भरत. शिवोलीला नाताळनंतरच्या सोमवारी जागोर हा लोकोत्सव होतो, तिथे हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही राखणदाराला तेल, मेणबत्त्या, फेणी वाहतात. पहिला पेला हातात आल्यावर हे सांगा. आणि कृपा करून त्याला भूत म्हणू नका. आम्ही त्याला गाऱ्हाणं घालतो.

काजूबोंड
सातार्डेकर, हे अगदी खरं. भट्टीवरही पहिल्या धारेतलं थोडं बाजूला काढतात. म्हणून म्हणतो, भट्टीवर जा.

मी_पर्वती
सातार्डेकर आणि उरेंकाठचा, दोघांचे मनापासून आभार. मला नेमकं हेच हवं होतं.

स्मिता, सांगते. तारीख तीन एप्रिल, शुक्रवार. रविवारी सकाळी परत. आम्ही दोघं, बहीण-मेहुणे, त्यांचा मुलगा १९ वर्षांचा, नणंद, आई आणि आईची मैत्रीण. आई चालते, पण चढ-उतारावर गुडघा दुखतो. ती आणि मैत्रीण दोघी पीत नाहीत, पण गोष्टी ऐकायची हौस त्यांनाच सगळ्यांत जास्त आहे.

दिवाडीची_सून
अहो, तीन एप्रिल म्हणजे गुड फ्रायडे! आमच्याकडे त्या दिवशी उपास असतो. कॅथलिक घरांचे छोटे बार त्या दिवशी उघडत नाहीत. संध्याकाळी लोक चर्चमध्ये असतात, आणि वाड्यात त्या वेळी मोठ्याने गोष्टी सांगत फिरणं बरं दिसत नाही. लाँग वीकेंड कशामुळे आहे ते तरी बघायचं ना ताई.

स्मिता_ठाणे
म्हणूनच तारीख विचारत होते. भाच्याचंही लक्षात घ्या, गोव्यात वय २१ लागतं.

अण्णा_डोंबिवली
मग शुक्रवारी कसिनोच्या बोटीवर जा. तिथे सगळं चालू असतं.

उरेंकाठचा
अण्णा, आईंना आणि त्यांच्या मैत्रिणीला कसिनोत नेऊन काय करणार? त्या गर्दीमुळेच आमच्या वाड्यात संध्याकाळी गाडी लावायला जागा उरलेली नाही.

शनिवार धरा. तोही ईस्टरच्या आदल्या दिवसाचा, रात्री उशिरा मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) असते, म्हणून साडेसहाला सुरू करून नऊच्या आत संपवा. कोणता बार उघडा आहे ते शुक्रवारी जाता-येता दारावर बघून ठेवा किंवा फोन करा. शुक्रवारी संध्याकाळी हवं तर रायबंदरच्या बाजूने जा. पोंत दे लिन्यारेस, १६३३-३४ मध्ये खाडीच्या कडेने बांधलेला तीनेक किलोमीटरचा दगडी रस्ता. रात्री त्यावर काय काय दिसतं याच्या गोष्टी पणजीतल्या प्रत्येक टॅक्सीवाल्याकडे आहेत. तुमच्या टॅक्सीवाल्याला विचारा, तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

आता राहिलेला भाग. साव तोमेहून दक्षिणेला फोंतेन्हासमध्ये सांत सेबास्त्यांवच्या कपेलापाशी (छोट्या चर्चपाशी) या. आत जो क्रूस आहे तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाच्या) वाड्यातला. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. एरवी क्रूसावरच्या येशूची मान झुकलेली आणि डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ आहे आणि डोळे सताड उघडे. समोर उभ्या केलेल्या आरोपीला धाक बसावा म्हणून तसे केले, असं सांगतात. दार बहुतेक बंद असेल, ठोठावू नका. बाहेरच सांगा, हळू आवाजात. त्या गल्लीत लोक राहतात, खिडकी तुमच्या डोक्यापासून हातभर लांब असते. पायऱ्यांवर बसून फोटो काढणाऱ्यांना सगळे कंटाळलेत, घरांवर तशा पाट्या लागल्या आहेत. दोन मिनिटं थांबा, गोष्ट सांगा, पुढे व्हा.

दुसरा थांबा तिथून जवळच. आईंना आणि मैत्रिणीला आमसुलाचं सरबत, भाच्यालाही तेच. बाकीच्यांना हुर्राक, लिमका आणि हिरवी मिरची उभी चिरून. फेणीने सुरुवात करू नका, चालायचं आहे. आणि त्याआधी गाड्यावर रोस ऑम्लेट (रश्श्यातलं ऑम्लेट) खाऊन घ्या, रिकाम्या पोटी हुर्राक चढतो.

शेवट मळ्यात, फोंत फेनिक्सच्या झऱ्यापाशी. फोंतेन्हासचं नावच या झऱ्यावरून पडलंय. मारुतीचं देऊळ वर टेकडीवर आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर पायऱ्या चढू नका, खालूनच नमस्कार करा. एकूण अंतर दोन किलोमीटरच्या आतलं, सगळं सपाटीवर. आणि झऱ्यापासून तुमचा मुक्काम दोन पावलांवर.

दिवाडीची_सून
उरेंकाठच्या, छान लिहिलंत. एक भर घालते. कपेलापाशी इन्क्विझिशनचं सांगताना हेही सांगा की ते १५६० पासून अडीचशे वर्षं चाललं आणि त्यात भरडले गेले त्यांत नवख्रिस्ती गोमंतकीय फार होते. हिंदू विरुद्ध ख्रिस्ती एवढंच ते नव्हतं. आठ जणांत कोणीतरी लगेच तसा निष्कर्ष काढतं, आणि शेजारच्या खिडकीत ते ऐकू जातं.

अण्णा_डोंबिवली
हे पटलं. दोना पावलाबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

काजूबोंड
शनिवारी सकाळी तुम्ही मोकळ्या आहात. भट्टीचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. सकाळी नऊला गेलात तर बोंडं तुडवताना दिसतील आणि दुपारी जेवायला परत याल.

मी_पर्वती
शनिवार पक्का. गाडी करून सकाळी भट्टीवरही जातोय, आईनेच हट्ट धरलाय. दोन बारना फोन केला, एक शनिवारी उघडा आहे, दुसऱ्याने साडेआठपर्यंतच या म्हणून सांगितलं. राखणदाराची गोष्ट आईची मैत्रीण सांगणार आहे, तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. हे तिने मला आज सांगितलं!

आता एकच प्रश्न: पोस्टापासून कपेलापर्यंत जाताना शनिवारी संध्याकाळी मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? आईसाठी विचारतेय.

उरेंकाठचा
नाही. आतल्या गल्लीनेच जा. फक्त स्कूटर मागून हॉर्न न देता येतात, आईंना भिंतीच्या बाजूने चालवा.