मदत हवी आहे: डुकराच्या सेक्शनचा दांडा मी भाईजानच्या सुरीला लावला

नमस्कार मंडळी, मी डिचोलीचा, फोंड्याजवळ एका मीट युनिटमध्ये ट्रेनिंगला लागून तीन आठवडे झालेत. घरी मटण खातो पण श्रावण कडक, आणि कापताना म्हणाल तर राखणदाराचा (गावच्या रक्षक देवाला देतात तो) कोंबडा तेवढाच बघितलेला. सत्तूर हातात धरायची ही पहिलीच वेळ.

शिकवणारे दोघं. डुकराकडे साष्टीचे एक बाब (आमच्याकडे आदराने असं म्हणतात) आहेत, त्यांनी चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराचं सॉसेज, करायला शिकवलं, मांस आणि चरबीचे बारीक तुकडे मीठ लावून वर वजन ठेवून रात्रभर ठेवायचे, मग काश्मिरी मिरची, लसूण, माडाचं विनेगर, ते आतड्यात भरून दोऱ्याने मण्यांसारख्या गाठी मारायच्या आणि उन्हात सुकवायचं. त्यांच्या घरी हे पावसाळ्याच्या आधी करून ठेवतात, पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीत. बकऱ्याकडे भटकळचे भाईजान. जनावराला दिसेल अशी धार लावायची नाही, एकासमोर दुसरं कापायचं नाही, आणि सुरी अशी हवी की श्वासनळी, अन्ननळी, मानेच्या शिरा एका दमात सुटल्या पाहिजेत, हे सगळं त्यांनी सांगितलं. मला तोवर वाटायचं हलाल म्हणजे फक्त बिस्मिल्ला म्हणणं.

आणि गुरुवारी माझ्याकडून घोळ झाला. घाईत डुकराच्या सेक्शनमधला धार लावायचा दांडा उचलला आणि त्याने भाईजानची सुरी घासली. त्यांनी बघितलं, सुरी बाजूला ठेवली, दुसरी घेतली, एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून शिकवतात पण आधीसारखं बोलत नाहीत, मला खूप लागलंय ते.

ती सुरी परत वापरात येण्यासाठी नेमकं काय करावं लागतं? वाचलं की हनफी लोकांत नीट धुतली की चालते, पण शाफी पंथात (हे दोन्ही सुन्नी मुसलमानांचे पंथ) सात वेळा, त्यातलं एकदा मातीने. भटकळकडचे बरेचजण शाफी ना? मग मीच तशी धुऊन नेऊन दिली तर बरं दिसेल का, की त्यांच्या वस्तूला परत हात लावणं आणखी चूक? नवीन सुरी घेऊन दिली तर पैशाने भरपाई केल्यासारखं वाटेल का? बाब म्हणतात सरळ जाऊन माफी माग, आई म्हणते थोडे दिवस जाऊ दे.

कोणी असं मिसळून काम केलं असेल, किंवा कोणी शाफी घरातलं असेल तर प्लीज सांगा. सोमवारी सकाळची शिफ्ट परत त्यांच्यासोबतच आहे.